नऊ दिवसांची प्रार्थना

महाडहून सावित्रीच्या कांठानें पोलादपुराकडे गेलें म्हणजे पुढें कशेडीचा घाट लागतो, आणि घाट ओलांडला कीं रस्ता दक्षिण कोंकणांतून थेट गोव्यापर्यंत जातो. महाडकर व पोलादपूरकर यांस हा रस्ता शिमग्या-गणपतीस गांवीं परतणाऱ्या चाकरमान्यांचा म्हणून परिचित आहे. परंतु नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस ह्याच रस्त्यानें मुंबई व वसई ह्या बाजूचे ख्रिस्ती यात्रेकरूहि गोव्यास जात असतात. जुन्या गोव्यांत संत फ्रान्सिस झेविअर यांच्या समाधीपाशीं ३ डिसेंबर रोजीं होणारा सण त्यांस गांठावयाचा असतो. आणि ज्यांस सवड असेल ते सणाच्या आधींच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेसहि हजर राहतात. ह्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेस ‘नोवेना’ असें नांव आहे.

महाड तालुक्यांतील रायगडाचा आणि ह्या नोवेनेचा संबंध काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येणें साहजिक आहे. संबंध आहे, मात्र तो स्नेहाचा नसून युद्धाचा आहे. आज नोवेनेस ज्या तारखेस आरंभ होतो त्या २४ नोव्हेंबरच्या रात्रीं, इ. स. १६८३ मध्यें, रायगडचे छत्रपति संभाजी महाराज यांच्या फौजेनें गोवें शहराच्या अगदीं उंबरठ्यावरील एक बेट हस्तगत केलें होतें. पोर्तुगीज अंमलांत त्या वेळीं आजचेंच ग्रेगरी पंचांग चालू होतें, त्यामुळें तारखेच्या हिशेबांत कांहीं फरक पडत नाहीं. संताच्या सणास तेव्हां बरोबर नऊ दिवस उरले होते. त्या प्रसंगाची व त्यानंतरची हकीकत मोठी उद्बोधक आहे. परंतु ती सांगण्यापूर्वी नोवेना म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे.

लॅटिन भाषेंत नऊ ह्या अर्थाचा ‘नोवेम’ असा शब्द आहे. आपल्या ‘नव’ व ‘नऊ’ ह्या शब्दांचा तो सख्खा भाऊच होय. त्यापासून नोवेना हें नांव पडलें. प्राचीन रोमन लोकांत मृताचा शोक नऊ दिवस पाळण्याची रीति होती. पण ख्रिस्ती लोक आपल्या नवदिनांचें मूळ बायबलांतील ‘प्रेषितांचीं कृत्यें’ ह्या ग्रंथांत दाखवितात. पुनरुत्थानानंतर चाळिसाव्या दिवशीं येशू ख्रिस्त स्वर्गास गेले, व पन्नासाव्या दिवशीं पवित्र आत्मा शिष्यांवर उतरला. ह्या दोहोंच्या मधले नऊ दिवस शिष्यमंडळी व येशूची माता मरिया हीं एका माडीवरील खोलींत एकत्र राहून, काय घडणार हें ठाऊक नसतां, एकचित्तानें प्रार्थना करीत राहिलीं. तीच पहिली नोवेना अशी श्रद्धा आहे. पुढें मध्ययुगांत स्पेन व फ्रान्स ह्या देशांत नाताळापूर्वी नऊ दिवस प्रार्थना करण्याचा प्रघात पडला. मातेनें बालकास नऊ मास उदरांत वाहिलें, त्याची ती आठवण मानण्यांत येई. इ. स. १८९७ मध्यें पोप तेरावे लिओ यांनीं पवित्र आत्म्याच्या सणापूर्वीची नोवेना सर्व कॅथलिक देवळांत व्हावी अशी आज्ञा काढली, आणि लोकांनीं रूढ केलेल्या प्रथेस धर्मपीठाची मोहर मिळाली.

नोवेनेचा विधि सोपा आहे. मनांत एक हेतु धरावयाचा. कोणाचें दुखणें, कोणाची परीक्षा, कोणाचा समुद्रावरील प्रवास. मग तीच प्रार्थना त्याच भक्तीनें नऊ दिवस खंड न पाडतां करावयाची आणि दहाव्या दिवशीं सण साजरा करावयाचा. महाराष्ट्रांतील माणसास ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. आश्विनांत घट बसवून, माळ चढवून, नऊ दिवस नंदादीप तेवत ठेवून दहाव्या दिवशीं दसरा करणाऱ्या घरास नऊ दिवसांचा नेम म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. भेद आहे तो एवढाच कीं नवरात्रांतील प्रत्येक दिवस स्वतःच उत्सवाचा असतो. नोवेनेंतील नऊ दिवस वाट पाहण्याचे असतात. सण पुढें आहे, आणि त्यास सामोरें जाण्यापूर्वी मन झाडून सारवून घ्यावें, हा तिचा आशय आहे.

आतां जुन्या गोव्याकडे वळूं. फ्रान्सिस झेविअर हे स्पेनच्या उत्तरेकडील नाव्हार प्रांतांत जन्मलेले जेजुइट धर्मोपदेशक. ते ६ मे १५४२ रोजीं गोव्यास आले. दहा वर्षांत दक्षिणेचा मच्छीमारी किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटें व जपान इतका प्रवास करून चीनच्या दाराशीं, शांगचुआन बेटावर, ३ डिसेंबर १५५२ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांचें शव इ. स. १५५४ मध्यें गोव्यास आणलें गेलें. १२ मार्च १६२२ रोजीं त्यांस संतपद मिळालें. त्यांचें शव ज्या बॉम जेझुस देवळांत आज आहे, तें देऊळ १५९४ मध्यें बांधावयास घेऊन १६०५ मध्यें पुरें झालें होतें.

ह्या संताच्या नांवाची नोवेना जगभर पसरली तिला निमित्त झाला एक हातोडा. इ. स. १६३३ च्या डिसेंबरांत इटलींतील नेपल्स शहरीं एका सणाची सजावट उतरवीत असतां मार्चेल्लो मास्त्रिल्ली नांवाच्या जेजुइट पाद्र्याच्या डोक्यावर उंचावरून हातोडा पडला. तो मरणाच्या पंथास लागला. त्याच्या सांगण्याप्रमाणें संत झेविअर यांनीं त्यास दर्शन दिलें, आणि जानेवारी १६३४ मध्यें तो अकस्मात् बरा झाला. त्यानें जपानास जाण्याचा नवस केला होता. त्या वेळीं जपानांत ख्रिस्ती धर्मोपदेशकास देहदंड होता, म्हणजे हा नवस मृत्यूस भेटण्याचाच होता. जातांना तो गोव्यांत थांबला. संताचें शव ज्या चांदीच्या पेटींत आहे ती पेटी त्याच्याच प्रेरणेनें गोव्याच्या सोनारांनीं १६३६-३७ च्या सुमारास घडविली. तींत संताच्या चरित्रांतील प्रसंग कोरलेले आहेत. मास्त्रिल्ली पुढें जपानास गेला आणि ऑक्टोबर १६३७ मध्यें नागासाकी येथें मारला गेला. त्याच्या हकीकतीवरून ४ ते १२ मार्च ही ‘कृपेची नोवेना’ रूढ झाली. १२ मार्च ही संतपदाची तिथि होय. गोव्यांत मात्र मोठी नोवेना २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर ह्या दिवसांत, सणाच्या आधीं होते.

अशा रीतीनें १६८३ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज राज्यापाशीं एक संत, एक चांदीची पेटी आणि एक सण होता. पुरेसें सैन्य मात्र नव्हतें. पोर्तुगीज राजाच्या प्रतिनिधीस मराठी कागदांत ‘विजरई’ म्हणत. त्या वेळचा विजरई फ्रान्सिस्कु द ताव्होरा, आल्व्होरचा काउंट, हा होता. औरंगजेब दक्षिणेंत उतरला आहे व संभाजीराजे त्याच्याशीं झुंजण्यांत गुंतले आहेत, हें पाहून त्यानें नोव्हेंबरच्या आरंभीं मराठ्यांच्या फोंड्याच्या किल्ल्यास वेढा घातला. किल्ल्यांत येसाजी कंक व त्यांचा मुलगा कृष्णाजी हे होते. तोफांनीं तट फोडला तरी आंतील लोक हटले नाहींत. तोंच संभाजीराजे स्वतः मदतीस आले, आणि विजरईस वेढा उठवून मागें फिरावें लागलें. कृष्णाजी ह्या लढाईच्या जखमांनीं वारला.

त्यानंतर मराठ्यांची पाळी आली. मांडवीच्या पात्रांत, गोवें शहराजवळ, जुवें नांवाचें बेट आहे. पोर्तुगीज त्यास सांतु इस्तेव्हांव म्हणतात. २४ नोव्हेंबरच्या रात्रीं ओहोटीची वेळ साधून मराठे त्या बेटावर उतरले आणि तेथील किल्ला त्यांनीं घेतला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं विजरई स्वतः सैन्य घेऊन बेट सोडविण्यास गेला. पण त्याची फळी मोडली, त्यास गोळी लागली, आणि तो मोठ्या कष्टानें जीव वांचवून परतला. शहरांत हाहाकार झाला.

त्या घटकेस विजरईनें जें केलें तें इतिहासांत नमूद आहे. तो बॉम जेझुस देवळांत गेला, संताची पेटी उघडविली, आणि आपला अधिकारदंड, राजाकडून मिळालेलीं नेमणुकीचीं पत्रें व स्वतः लिहिलेला एक कागद संताच्या स्वाधीन केला. मनुष्याच्यानें राज्य राखवत नाहीं, आतां तुम्हींच तें राखावें, हा त्या कृतीचा अर्थ होता. पुढें नवीन गव्हर्नरानें अधिकार घेतांना संताच्या समाधीपाशीं जाऊन तेथून दंड स्वीकारावा, असा प्रघात ह्यावरून पडला. गोव्याचे लोक संतास ‘गोंयचो सायब’, म्हणजे गोव्याचा धनी, असें म्हणतात.

मराठ्यांनीं साष्टी व बारदेश ह्या मुलखांत स्वारी चालूच ठेविली. परंतु वर्ष पालटण्याच्या सुमारास औरंगजेबाचा मुलगा शहा आलम मोठें मोंगल सैन्य घेऊन घाटाखालीं उतरला, आणि पाठीमागून कोंडले जाण्याचें संकट दिसतांच संभाजीराजे गोव्याचा नाद सोडून रायगडाकडे फिरले. शहर वांचलें. भाविक गोंवेकरानें म्हटलें, संतानें वांचविलें. रायगडच्या बाजूनें पाहणारा इतिहासकार म्हणतो, मोंगलांच्या येण्यानें वांचलें. दोन्ही विधानें ज्याच्या त्याच्या जागीं लोक आजहि करितात. मात्र ज्या शहा आलमामुळें हें घडलें त्याच्या पदरीं यश पडलें नाहीं. त्याचें सैन्य कोंकणांत अन्नावांचून व रोगराईनें खंगलें, आणि तो हात हालवीत परत गेला.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहींतर चित्र एकांगी होईल. ज्या फोंड्यावर विजरई चालून गेला तो मुलूख नुसत्या एका किल्ल्याचा नव्हता. सोळाव्या शतकांत पोर्तुगिजांनीं तिसवाडी, साष्टी व बारदेश येथील देवळें पाडलीं, तेव्हां लोकांनीं आपले देव रातोरात खाडीपलीकडे नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. हीं ठिकाणें फोंडा महालांतील होत. म्हणजे १६८३ सालीं खाडीच्या एका तीरावर घर सोडून आलेले देव आणि दुसऱ्या तीरावर परदेशांतून आलेला संत, अशी स्थिति होती. दोन्ही तीरांवरचे सामान्य लोक एकाच कुळांतले, एकाच बोलीचे होते. एका तीरावर देवीच्या नवरात्राचे घट बसत, आणि दुसऱ्या तीरावर तिच्याच जुन्या भक्तांचे नातूपणतू संतापुढें गुडघे टेंकीत. इ. स. १५६० पासून गोव्यांत धर्मसमीक्षणसभेची, म्हणजे इन्क्विझिशनची, दहशत होती. त्यामुळें गुडघे टेंकणाऱ्यांपैकीं किती श्रद्धेनें व किती भयानें टेंकीत, ह्याचा निवाडा आज कोणीहि करूं नये.

परंतु भाषेचा निवाडा करतां येतो, कारण त्याचा लेखी पुरावा आहे. ज्या विजरईनें संताच्या हातीं राज्य सोंपविलें, त्यानेंच अवघ्या सात महिन्यांनीं, २७ जून १६८४ रोजीं, एक फर्मान काढलें. गोव्यांतील लोकांनीं आपली देशी भाषा टाकून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज बोलूं लागावें, आणि पाद्र्यांनीं व शिक्षकांनीं पोर्तुगिजांतूनच शिकवावें, असा त्याचा आशय होता. पराभवानें धसकलेल्या सत्तेस प्रजेची न कळणारी भाषा शत्रूची वाटूं लागते, ह्याचें हें ठळक उदाहरण आहे.

ह्या फर्मानाचें वैगुण्य ध्यानांत येण्यासाठीं शंभराहून अधिक वर्षें मागें जावें लागतें. इ. स. १५७९ मध्यें फादर थॉमस स्टीफन्स नांवाचा इंग्रज जेजुइट गोव्यास आला, आणि साष्टींत पुढील आयुष्य घालवून १६१९ सालीं वारला. नव्या ख्रिस्ती लोकांस आपल्या जुन्या पुराणांची उणीव भासते, हें त्यानें ओळखिलें. ज्यानें देव बदलला त्यास ओवीहि बदल असें सांगणें व्यर्थ आहे, हें त्यास उमगलें असावें; कारण त्यानें येशू ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली. रोमन लिपींत छापलेलें तें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें प्रसिद्ध झालें, आणि १६५४ पर्यंत त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्याच्या प्रारंभीं त्यानें मराठी भाषेची थोरवी गाइली आहे. सणावारीं लोक एकत्र बसून हें पुराण वाचीत. विजरईचें फर्मान निघालें तें अशा लोकांवर.

फर्मानाचा परिणाम झाला नाहीं असें नाहीं. छापखाने थंडावले, देशी लिपींतील जुनीं पुस्तकें दुर्मिळ झालीं, सुशिक्षित म्हणविणारा वर्ग घरांतहि पोर्तुगीज बोलूं लागला. परंतु आजारी मुलाच्या उशाशीं बसलेली आई परक्या भाषेंत आळवणी करूं शकत नाहीं. तीन वर्षांची मुदत १६८७ मध्यें संपली, पण कोंकणी संपली नाहीं. आज बॉम जेझुस देवळाच्या आवारांत मंडप घालून नोवेना होते, तेव्हां पहाटेपासून सायंकाळपर्यंत मिस्सा, प्रवचनें व गायनें मुख्यत्वें कोंकणींत होतात. बेळगांव, कारवार व सिंधुदुर्ग ह्या बाजूंनीं कांहीं यात्रेकरू पायीं चालत येतात. सणाच्या फेरींत खाजें विकावयास मांडलेलें असतें, आणि तें घेणारांत हिंदूहि असतात. दर दहा वर्षांनीं संताचें शव दर्शनासाठीं बाहेर काढतात. असा दर्शनसोहळा २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत झाला.

मराठी मुलखांतहि नोवेनेची कथा ह्याहून निराळी नाहीं. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, तेव्हां शरणागतीच्या कलमांत तेथील ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक देण्यांत आली. फिरंगी सरदार व पाद्री गेले. रयत शेतावाडींतच राहिली, आणि तिचे सणहि राहिले. वांद्र्याच्या टेंकडीवरील मरियामातेस कोळी लोक ‘मोत माउली’ म्हणतात. ८ सप्टेंबरच्या तिच्या सणाआधीं नोवेना होते आणि नंतरच्या आठवड्यांत जत्रा भरते. माहीमच्या सेंट मायकेल देवळांत १९४८ पासून दर बुधवारीं नोवेना चालू आहे. तेथें नऊ दिवसांऐवजीं नऊ बुधवार धरण्याची चाल आहे. प्रार्थना मराठी, कोंकणी व इतर भाषांतूनहि होते, आणि बुधवार करणारांत सर्व धर्मांचे लोक असतात. ज्याचें जें मागणें असेल त्या आकाराची मेणाची वस्तु, कोणी पाय, कोणी घर, कोणी तान्हें मूल, मरियामातेपुढें ठेवितो. शेजाऱ्याच्या देवास आपलें दुःख सांगण्यास मुंबईच्या माणसास कधीं संकोच वाटला नाहीं.

ह्या सर्व हकीकतीवरून एक गोष्ट दिसून येते. १६८३ च्या त्या नऊ दिवसांत प्रार्थनेवर दोघांचा हक्क सांगितला गेला. एक हक्क राज्यकर्त्याचा होता. त्यानें संतापुढें दंड ठेवून आपली सत्ता मागितली. दुसरा हक्क सामान्य माणसाचा होता. तो ताप उतरावा, गलबत बंदरास लागावें, मुलगा घरीं यावा एवढेंच मागतो. राज्यकर्त्याचें मागणें पुरविलें गेलें असें क्षणभर वाटलें. पण ज्यांच्या प्रार्थनेवर त्याचा संत उभा होता त्यांची वाणीच त्यानें बंद करूं पाहिली. आज त्या दंडाचें राज्य उरलेलें नाहीं. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोव्यांतील पोर्तुगीज सत्ता संपली, तेव्हां संताचा सण होऊन सोळा दिवस झाले होते; पुढील वर्षीं २४ नोव्हेंबर नेहमीप्रमाणें उजाडला. रायगडचें सिंहासनहि १६८९ नंतर तेथें राहिलें नाहीं, तरी महाड-पोलादपुराच्या घराघरांतून आश्विनांत घट बसावयाचे ते बसतातच.

म्हणून कशेडीच्या घाटांत नोव्हेंबरच्या थंडींत गोव्याकडे जाणारी यात्रेकरूंची गाडी दिसली, तर ती परक्यांची आहे असें रायगडच्या पायथ्याच्या माणसानें समजूं नये. त्या गाडींत बसलेल्यांनीं मनांत कांहीं हेतु धरलेला असतो, आणि नऊ दिवस तो विसरावयाचा नाहीं असा त्यांचा नेम असतो. घट बसविणाऱ्या घरास हा नेम ओळखीचाच आहे.